मोतीबिंदू काढण्याआधी डोळा कसा मोजतात?

आमच्या आत्याने सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. आज तिचे वय ७८ आहे. तिच्या डाव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वीसएक वर्षांपूर्वी झाली. त्यानंतर तिला पोथी चष्म्याशिवाय वाचता येऊ लागली, आणि घरादाराने समाधान मानले. पण वडूजच्या स्टँडवर उभे राहिले की समोरून येणारी गाडी साताऱ्याची की दहिवडीची, हे तिला शेजाऱ्याला विचारावे लागे. उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू होता. "पिकला की काढू," असे म्हणता म्हणता तो इतका पिकला, की बाहुलीत मोत्यासारखा पांढरा ठिपका घरातल्या लहान मुलांनाही दिसू लागला.

शेवटी साताऱ्यातल्या एका नेत्रतज्ज्ञांकडे तिला नेले. त्यांनी दोन्ही डोळे यंत्रापुढे धरले. डाव्या डोळ्याची लांबी यंत्राने लगेच सांगितली : २४.५ मिलिमीटर. उजव्या डोळ्याबद्दल मात्र यंत्र काहीच सांगेना. मग त्यांनी पेन्सिलीसारखी एक नळी बुबुळावर टेकवून तीनदा मोजमाप घेतले. आकडे आले २३.७, २४.४ आणि २४.१. डॉक्टर म्हणाले, "या आकड्यांवर मी लेन्स बसवणार नाही. सांगलीला दुसऱ्या पद्धतीने मोजता येईल, तिथे जाऊन या."

साताऱ्याहून सांगली सुमारे सव्वाशे किलोमीटर. अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या फरकासाठी ७८ वर्षांच्या बाईला एवढा प्रवास का करायला लावायचा? आम्हालाही आधी हे थोडे अतीच वाटले. पण कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडल्यावर डॉक्टरांचे म्हणणे पटले. तो हिशेब दहावीच्या प्रकाशाच्या धड्यापलीकडचा नाही. म्हणूनच तो शिक्षकांपुढे मांडावासा वाटतो.

दोन भिंगांचा कॅमेरा

आपल्या डोळ्यात प्रकाश एकत्र आणणारी दोन भिंगे असतात. पहिले म्हणजे पारपटल, डोळ्याच्या अगदी पुढचा, घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक भाग. त्याची शक्ती साधारण ४३ ते ४४ डायॉप्टर असते. दुसरे बाहुलीच्या मागचे नेत्रभिंग, त्याची शक्ती सुमारे २० डायॉप्टर. दोघे मिळून दूरच्या वस्तूची प्रतिमा मागच्या दृष्टिपटलावर पाडतात. पारपटलापासून दृष्टिपटलापर्यंतचे अंतर, म्हणजे डोळ्याची लांबी, प्रौढ माणसात सरासरी साडेतेवीस मिलिमीटर असते.

नेत्रभिंग प्रथिनांनी भरलेल्या पेशींचे बनलेले असते. त्यात रक्तवाहिन्या नाहीत. प्रथिनांची मांडणी अतिशय नेटकी असल्यामुळे ते पारदर्शक राहते. वय वाढते तशी ही मांडणी बिघडते, प्रथिनांचे गठ्ठे होतात आणि प्रकाश सरळ जाण्याऐवजी विखुरतो. हाच मोतीबिंदू. डोळ्यावर बाहेरून कुठलाही पडदा येत नाही. आतले भिंगच गढूळ होते. म्हणून थेंब घालून तो विरघळत नाही. भिंग काढावेच लागते.

भिंग काढले की डोळ्यातले २० डायॉप्टर नाहीसे होतात. त्यांची भरपाई कशी करायची, हा खरा प्रश्न आहे.

मिरजेपासून सुरुवात

आपल्या भागात या शस्त्रक्रियेला मोठा इतिहास आहे. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली मिशनच्या कामासाठी भारतात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेला रुग्णालय उभे केले. तिथे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी लांबलांबून माणसे येत. बैलगाडीने आलेला आंधळा माणूस परत जाताना वाट पाहत गेला, अशा गोष्टी जुन्या लोकांच्या तोंडी होत्या.

त्या काळी गढूळ भिंग काढून टाकत आणि रुग्णाला जाड भिंगांचा चष्मा देत. साधारण अधिक १० डायॉप्टरचा हा चष्मा आपल्यापैकी अनेकांनी आजी-आजोबांच्या डोळ्यांवर पाहिला असेल. त्यातून वस्तू पाव पटीहून थोडी अधिकच मोठी दिसे, कडेचे काही दिसत नसे, आणि पायरी नेमकी कुठे आहे याचा अंदाज चुके. पण या चष्म्याचा एक फायदा होता. नंबर चुकला तर चष्मा बदलता येत असे. शस्त्रक्रियेआधी डोळा मोजण्याची गरज नव्हती. रुग्णाला दिव्याचा उजेड कळतो का आणि तो कोणत्या बाजूने येतो हे सांगता येते का, एवढे पाहून काम भागत असे.

कृत्रिम भिंग डोळ्याच्या आत बसवायचे ठरले, आणि परिस्थिती उलटी झाली. आत बसवलेले भिंग चष्म्यासारखे सहज बदलता येत नाही. म्हणजे नंबर आधीच ठरवायला हवा, आणि तो ठरवायचा तर आधी डोळा मोजायला हवा. भिंग डोळ्यात गेले आणि मोजमाप शस्त्रक्रियेच्या आधी आले, असे म्हणता येईल.

पहिले भिंग आणि मोठी चूक

डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याचे श्रेय लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडली यांना जाते. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या पारदर्शक छताचे तुकडे घुसत. हे छत पर्स्पेक्स या प्लॅस्टिकचे असे, आणि त्याचे तुकडे वर्षानुवर्षे डोळ्यात राहूनही फारसा त्रास देत नसत. मग याच पदार्थाचे भिंग का करू नये, असे रिडली यांना वाटले. १९४९-५० च्या हिवाळ्यात त्यांनी पहिल्या रुग्णाच्या डोळ्यात ते बसवले.

डोळ्याने भिंग स्वीकारले. पण रुग्णाला चष्म्याचा नंबर आला उणे १८! शिवाय ६ डायॉप्टरचा दंडगोल नंबर वेगळाच. चूक कुठे झाली? भिंगाचा आकार नैसर्गिक भिंगाच्या आकाराला जुळता घेतला होता. पण पदार्थ वेगळा होता. भिंगाची शक्ती आकाराबरोबरच अपवर्तनांकावर अवलंबून असते. आणि तोही नुसता भिंगाचा अपवर्तनांक नव्हे, तर भिंग आणि भोवतालचे माध्यम यांच्या अपवर्तनांकांतला फरक.

डोळ्यातल्या पाण्याचा अपवर्तनांक १.३३६. नैसर्गिक भिंगाचा सरासरी १.४२ धरू. फरक ०.०८४. पर्स्पेक्सचा अपवर्तनांक १.४९, म्हणजे फरक ०.१५४. आकार तोच ठेवला तर शक्ती ०.१५४ भागिले ०.०८४, म्हणजे सुमारे १.८ पट होते. २० डायॉप्टरचे झाले साधारण ३७. सतरा डायॉप्टर जास्त! रुग्णाला आलेला नंबर याच्या जवळपासचाच आहे. शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती. चुकला होता तो हिशेब.

पुढे भारतात १९९२ पासून मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये कृत्रिम भिंगे तयार होऊ लागली आणि त्यांची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदू नियंत्रणाचा प्रकल्प राबवला गेला. त्यात महाराष्ट्रही होता. जाड चष्मे मागे पडून खेड्यापाड्यांतल्या रुग्णांनाही भिंग मिळू लागले. मात्र त्या सुरुवातीच्या काळात मोजमापाची यंत्रे सगळीकडे पोचली नव्हती. जिथे यंत्र नाही तिथे सर्वांना एकाच, सरासरी नंबराचे भिंग बसवण्याची पद्धत होती. आत्याच्या डाव्या डोळ्याचे असेच झाले होते. जुन्या कार्डावर भिंगाचा नंबर लिहिलेला होता : २१.

हिशेब करून पाहू

१९८० साली सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ या तिघांनी हजारो शस्त्रक्रियांच्या नोंदींवरून एक सोपे सूत्र मांडले :

भिंगाची शक्ती = अ − (२.५ × डोळ्याची लांबी) − (०.९ × पारपटलाची शक्ती)

इथे 'अ' हा त्या त्या बनावटीच्या भिंगाचा स्थिरांक आहे. पुष्कळ भिंगांसाठी तो ११८.४ च्या आसपास असतो. लांबी मिलिमीटरमध्ये आणि शक्ती डायॉप्टरमध्ये घ्यायची. सरासरी डोळा घेऊ : लांबी २३.५, पारपटल ४४. मग ११८.४ − ५८.७५ − ३९.६ = २०.०५. म्हणजे २० डायॉप्टर. आता आत्याचा डावा डोळा : लांबी २४.५, पारपटल ४४. उत्तर येते १७.५५. तिला हवे होते साडेसतराचे भिंग आणि बसवले एकवीसचे. साडेतीन डायॉप्टर जास्त.

भिंग डोळ्याच्या आत असते आणि चष्मा बाहेर. त्यामुळे आतल्या भिंगातला साधारण १.४ डायॉप्टरचा फरक चष्म्यात १ डायॉप्टर होऊन दिसतो. ३.४५ भागिले १.४ केले की अडीच येतात. आत्याच्या डाव्या डोळ्याचा नंबर उणे अडीचच आहे. उणे अडीचच्या डोळ्याला चष्म्याशिवाय एक मीटर भागिले अडीच, म्हणजे ४० सेंटिमीटरवरचे स्पष्ट दिसते. पोथी का दिसत होती आणि गाडीचा बोर्ड का दिसत नव्हता, याचे उत्तर इथे मिळते. आम्ही ज्याला शस्त्रक्रियेचे यश समजत होतो, ती हिशेबातली चूक होती.

सूत्राकडे पुन्हा पाहा. लांबीचा गुणक २.५ आहे. लांबी मोजताना एक मिलिमीटर चुकला तर भिंग अडीच डायॉप्टरने चुकते. उजव्या डोळ्याच्या तीन मोजमापांत ०.७ मिलिमीटरचा फरक होता, म्हणजे भिंगात पावणेदोन डायॉप्टरचा. सातारच्या डॉक्टरांनी सांगलीला का पाठवले ते आता समजते.

आज तज्ज्ञ हे साधे सूत्र जसेच्या तसे वापरत नाहीत. फार आखूड किंवा फार लांब डोळ्यांत ते चुकते. नवी सूत्रे भिंगाची जाडी, पारपटल ते भिंग हे अंतर, अशा आणखी मोजमापांचा विचार करतात. पण सरासरीच्या जवळपासच्या डोळ्यात दोन्हींची उत्तरे फार लांब जात नाहीत, आणि वर्गात समजावून सांगायला जुने सूत्रच बरे.

पारपटलाची शक्ती कशी मोजतात? पारपटल हे बहिर्वक्र आरशासारखे काम करते. समोर ठेवलेल्या उजळ आकृतीची त्यात पडणारी प्रतिमा किती लहान आहे, यावरून वक्रता त्रिज्या काढतात. ३३७.५ ला मिलिमीटरमधल्या त्रिज्येने भागले की शक्ती मिळते. त्रिज्या ७.६७ असेल तर शक्ती ४४. आपल्याकडे ऊसतोडणीच्या हंगामात उसाच्या पात्याने डोळ्याला जखमा होतात. अशा जखमेचा व्रण पारपटलावर राहिला तर प्रतिमा वेडीवाकडी पडते आणि हे मोजमापही बेभरवशाचे होते. म्हणून आपल्या डोळ्याला पूर्वी इजा झाली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

प्रकाश अडतो तिथे ध्वनी जातो

डोळ्याची लांबी मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. दोन्हींमागची कल्पना एकच : काहीतरी आत पाठवायचे आणि ते परत यायला किती वेळ लागला ते पाहायचे.

पहिल्या पद्धतीत श्राव्यातीत ध्वनी वापरतात. नळीतून सेकंदाला सुमारे एक कोटी कंपनांचा ध्वनी डोळ्यात जातो. पारपटल, भिंगाची पुढची व मागची बाजू आणि दृष्टिपटल यांवरून त्याचे प्रतिध्वनी येतात. डोळ्यात ध्वनीचा सरासरी वेग सेकंदाला १५५० मीटर. २४.४ मिलिमीटर जाऊन परत यायला ध्वनीला ३१.५ मायक्रोसेकंद लागतात. विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घालावे. वेग चुकीचा धरला तरी लांबी चुकते. भिंग काढलेल्या डोळ्यासाठीचा १५३२ हा वेग भिंग असलेल्या डोळ्याला लावला, तर एवढ्याने जवळपास पाव मिलिमीटरहून जास्त चूक होते.

या पद्धतीत आणखी एक गोम आहे. नळी पारपटलावर टेकवावी लागते. हात थोडा जड पडला की पारपटल दबते, डोळा खरा आहे त्यापेक्षा आखूड मोजला जातो आणि जास्त नंबराचे भिंग निवडले जाते. आत्याच्या उजव्या डोळ्याच्या आकड्यांत २३.७ कुठून आला असेल, हे आता ओळखता येईल. यावर उपाय म्हणजे पापण्यांमध्ये एक छोटी वाटी बसवून तिच्यात द्रव भरायचा आणि नळी द्रवात बुडवायची, बुबुळाला लावायचीच नाही. सांगलीत हेच केले. आकडे आले २४.४२, २४.४५ आणि २४.४३. एका माणसाच्या दोन डोळ्यांच्या लांबीत सहसा ०.३ मिलिमीटरहून जास्त फरक नसतो. डावा डोळा २४.५ चा, उजवा २४.४३ चा. दोन्ही आकडे एकमेकांना साक्ष देतात.

दुसऱ्या पद्धतीत ध्वनीऐवजी अवरक्त प्रकाश वापरतात. १९९९ पासून अशी यंत्रे बाजारात आली. बुबुळाला काही टेकवावे लागत नाही आणि मोजमाप ध्वनीपेक्षा कितीतरी अचूक येते. प्रकाश एवढा वेगवान, की त्याच्या परत येण्याचा वेळ घड्याळाने मोजता येत नाही. म्हणून परतलेला प्रकाश मूळ प्रकाशात मिसळून त्यांच्या व्यतिकरणावरून अंतर काढतात. पण प्रकाशाला वाट हवी. मोतीबिंदू फार पिकला की प्रकाश भिंगातच विखुरतो आणि दृष्टिपटलापर्यंत जाऊन परत येत नाही. साताऱ्याचे यंत्र आत्याच्या उजव्या डोळ्यापुढे गप्प बसले ते यामुळे. नव्या यंत्रांत जास्त तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. तो कमी विखुरतो, त्यामुळे अधिक रुग्णांचे मोजमाप जमते. तरी अगदी पांढऱ्या मोतीबिंदूसाठी आजही ध्वनीच उपयोगी पडतो.

भिंगाचे चित्र

लांबीवरून कोणते भिंग बसवायचे ते ठरते. जुने भिंग कसे काढायचे हे ठरवण्यासाठी त्याचे चित्र पाहावे लागते.

सर्वांत जुने साधन म्हणजे उजेडाच्या बारीक फटीतून डोळा पाहण्याचा सूक्ष्मदर्शक. अंधाऱ्या खोलीत कवडशामुळे हवेतले धुलिकण दिसतात, त्याप्रमाणे या फटीच्या उजेडात भिंगाचा उभा छेद दिसतो. गढूळपणा मध्यगाभ्यात आहे, कडेच्या थरात आहे की मागच्या आवरणाजवळ आहे, हे कळते. या सूक्ष्मदर्शकाचा पाया स्वीडनचे गुलस्ट्रँड यांनी १९११ साली घातला; त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या छेदाचा फोटो घ्यायचा तर एक अडचण येते. छेद कॅमेऱ्याला तिरपा असतो, त्यामुळे एक भाग स्पष्ट आला की दुसरा धूसर. यावरचा उपाय ऑस्ट्रियाच्या सैन्यातले शाइम्प्फ्लूग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडला होता, तोही विमानातून नव्हे तर फुग्यातून घेतलेल्या जमिनीच्या तिरप्या फोटोंसाठी! कॅमेऱ्याचे भिंग आणि फिल्म असे तिरपे ठेवायचे, की वस्तूचे, भिंगाचे आणि फिल्मचे प्रतल एकाच रेषेत मिळतील; मग तिरपी वस्तू संपूर्ण स्पष्ट येते. याच तत्त्वावरचे फिरते कॅमेरे आज भिंगाचा गढूळपणा आकड्यात मोजून देतात. गाभा किती कठीण झाला आहे याचा अंदाज त्यावरून येतो. कठीण गाभा फोडायला जास्त ऊर्जा लागते, आणि ती पारपटलाला सोसायची नसेल तर शस्त्रक्रियेची पद्धतच बदलावी लागते.

तिसरे साधन वर सांगितलेल्या व्यतिकरणाचेच, पण लांबीऐवजी डोळ्याच्या पुढच्या भागाचे पूर्ण चित्र देणारे. सांगलीत आत्याच्या उजव्या डोळ्याचे असे चित्र काढले. भिंग फुगले होते. पुढचे आवरण आणि आतला पांढरा भाग यांच्या मधे पाण्याच्या काळ्या पोकळ्या दिसत होत्या. डॉक्टरांनी चित्रावर बोट ठेवून सांगितले, "हे पाणी दाबाखाली आहे. इथेच जपायचं आहे."

का जपायचे? भिंगाभोवती अत्यंत पातळ पारदर्शक पिशवी असते. शस्त्रक्रियेत तिच्या पुढच्या बाजूला साधारण पाच मिलिमीटरचे गोल भोक पाडून आतले गढूळ भिंग काढतात, आणि त्याच पिशवीत नवे भिंग ठेवतात. पिशवीची मागची बाजू मध्यभागी अवघी चारएक मायक्रोमीटर जाड असते. डोक्याच्या केसाच्या जाडीचा हा दहावा हिस्साही नाही. आत दाब असेल तर पहिला छेद देताच पिशवी टरकते आणि चीर दोन्ही बाजूंना कडेपर्यंत धावते. पिशवी दिसावी म्हणून ती निळ्या रंगाने रंगवलेली असते. मधे पांढरी फट, वर-खाली निळे पट्टे. हे दृश्य अर्जेंटिनाच्या झेंड्यासारखे दिसते म्हणून नेत्रतज्ज्ञ त्याला 'अर्जेंटिनाचा झेंडा' म्हणतात. हा झेंडा कोणत्याही डॉक्टरला पाहायचा नसतो. पाणी आहे हे चित्रावरून आधी कळले तर बारीक सुईने ते काढून दाब उतरवता येतो आणि मग गोल छेद देता येतो.

राहिला प्रश्न दृष्टिपटलाचा. पांढऱ्या भिंगाआडचे काहीच दिसत नसल्याने ध्वनीचेच छेदचित्र काढून दृष्टिपटल जागेवर आहे ना, आत रक्तस्राव नाही ना, ते पाहिले. मागचा पडदाच सुटला असेल तर पुढचे भिंग कितीही अचूक बसवले तरी उपयोग नाही. सुदैवाने सर्व ठीक होते.

शेवटचा आकडा माणूस ठरवतो

सर्व मोजमापे झाली. उजव्या डोळ्याला शून्य नंबरासाठी १७.७ डायॉप्टर लागत होते. तेच बसवायचे ना? डॉक्टरांनी आत्यालाच विचारले, "आजी, दिवसभरात तुम्हाला काय नीट दिसायला हवं?"

आत्या म्हणाली, "यष्टीचा बोर्ड दिसला पाहिजे आणि समोरच्याचं तोंड ओळखू आलं पाहिजे. वाचायचं म्हणाल तर डावा डोळा वाचतोय अजून."

डावा डोळा उणे अडीच. उजवा शून्य केला तर दोन डोळ्यांत अडीच डायॉप्टरचा फरक पडला असता आणि चष्मा लावल्यावर दोन प्रतिमा जुळवायला त्रास झाला असता. उजवाही उणे अडीच केला तर बोर्ड पुन्हा दिसला नसता. डॉक्टरांनी मधला मार्ग काढला : उजवा डोळा उणे एकवर आणायचा. त्यासाठी १७.७ मध्ये १.४ मिळवायचे. १९.१ आले. भिंगे अर्ध्या डायॉप्टरच्या टप्प्याने मिळतात, म्हणून १९ चे भिंग निवडले. २३.७ या दाबलेल्या आकड्यावर विश्वास ठेवला असता तर भिंग २१ चे आले असते, म्हणजे डाव्या डोळ्यात झालेलीच चूक पुन्हा.

शस्त्रक्रियेत आधी पाणी काढले, मग छेद दिला. पिशवी शाबूत राहिली. महिन्याने नंबर तपासला तेव्हा उणे सव्वा आला. पाव डायॉप्टरचा फरक चांगला मानला जातो. मोजमाप कितीही चांगले असले तरी नवे भिंग पिशवीत नेमके किती मागे स्थिरावेल हे आधी पूर्ण सांगता येत नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

पहिला प्रयोग : हातातले साधे भिंग पाण्याने भरलेल्या परातीत बुडवून तळातले नाणे पाहा. हवेत मोठे दिसणारे नाणे पाण्यात थोडेच मोठे दिसेल. काचेचा अपवर्तनांक १.५, हवेचा १, पाण्याचा १.३३. फरक ०.५ वरून ०.१७ वर आला, शक्ती तिसऱ्या हिश्शावर आली. रिडली यांच्या हिशेबातला मुद्दा विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर येतो.

दुसरा प्रयोग : काचेच्या पेल्यात पाणी घेऊन मागे बॅटरी धरा. दुधाचे थेंब एकेक करून टाका. आधी बॅटरी तांबूस दिसेल, कारण कमी तरंगलांबीचा निळा प्रकाश जास्त विखुरतो. आणखी थेंब टाका. पेला उजळलेला राहील, पण बॅटरीचा आकार दिसेनासा होईल. पांढऱ्या मोतीबिंदूच्या रुग्णाला उजेड कळतो आणि चेहरा कळत नाही, तो असा. आता पेल्याच्या एका बाजूला कान लावून दुसऱ्या बाजूला टिचकी मारा. दुधाने आवाज अडत नाही.

प्रयोग झाल्यावर मुलांना एक प्रश्न विचारावा : घरात कोणी मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहत आहे का? पूर्वी अख्खे भिंग एकदम काढत आणि शस्त्रक्रियेनंतर जाड चष्माच मिळे, तेव्हा वाट पाहण्यात अर्थ होता. आता तो राहिलेला नाही. भिंग जितके पांढरे, तितके मोजमाप कठीण आणि शस्त्रक्रियाही जोखमीची. रोजच्या कामात अडथळा येऊ लागला की तपासणी करून घ्यावी, आणि भिंग बसवल्यावर त्याच्या नंबराचे कार्ड जपून ठेवावे. आत्याचे जुने कार्ड देवघरातल्या डब्यात सापडले नसते तर डाव्या डोळ्याचे कोडे आम्हाला सुटले नसते.

परवा तिला घेऊन वडूजच्या स्टँडवर गेलो होतो. गाडी वळणावर दिसली तशी ती पिशवी उचलून उठली. आम्ही अजून पाटी वाचत होतो. "चला, साताऱ्याचीच आहे," ती म्हणाली आणि आमच्या आधी चालू लागली.